उद्या आणा

"आज नको. उद्या आणा," सुकन्या दारातूनच म्हणाली.

दत्तोबा पार्सल हातात धरून उभाच राहिला. पणदरे-सांगवी भागात पार्सलं वाटताना त्यानं नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. पण ही लग्नाची बायको होती.

"अगं, तूच मागवलंस की. घ्यायला काय होतंय?"

"गिऱ्हाईक हाय मी. माझी मर्जी. आता आलाच हाय, तर दोन घास खाऊन जावा. भाकरी तव्यावर हाय."

हिंगोलीहून बायकोला इथं आणल्यापासून दत्तोबा रोज दुपारी याच दारावरून जायचा, नुसता हॉर्न वाजवून. थांबलं की पार्सलं राहतात, असं त्याचं म्हणणं. दुपारी पोटात वडापाव ढकलायचा. रात्री ताटावर पेंगायचा, आणि बोललाच तर गिऱ्हाइकांच्या नावानं बोटं मोडायचा. मेली 'उद्या आणा' म्हणतात, तीनदा हेलपाटे घातल्याशिवाय पार्सल परतही पाठवता येत नाही. सुकन्या हे सगळं अगदी मन लावून ऐकायची.

दुसऱ्या दिवशीही "उद्या आणा" आणि वर पिठलं. तिसऱ्या दिवशी भरीत होतं. घरमालकीण रंगूबाईची गाय दोरीवरचं लुगडं कशी चघळत बसली, ते सुकन्यानं साभिनय सांगितलं. दत्तोबाला हसता हसता ठसका लागला. किती दिवसांनी तो असा हसला होता. मग त्याला पार्सल आठवलं.

"आज शेवटचं हाय बघ. न्हाय घेतलंस तर परत जातंय, आन् साहेब माझ्यावर डाफरतोय."

सुकन्याचा चेहरा उतरला. तिनं पार्सल घेतलं, फोडलं. आत चहाची गाळणी होती. तशीच एक चांगली धडधाकट गाळणी चुलीमागं खिळ्याला लटकत होती.

"झालं तुमचं काम," ती म्हणाली. "आता कशाला येताय दुपारचं?"

दत्तोबानं खिळ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि गाडीला किक मारली.

पुढच्या आठवड्यात बारामतीच्या गोदामात पार्सलं लावणारी वृषाली ओरडली, "दत्तोबा, परत तुमच्याच घरचं. वैनींना आवरा जरा."

दुपारी गाडी दारात थांबली. सुकन्या गोंधळून बाहेर आली. "मी तर काय मागवलं न्हाय."

"मी मागवलंय."

तिनं हात पुढं केला. दत्तोबानं पार्सल मागं घेतलं आणि बूट काढत म्हणाला, "तुला देता येत न्हाय. गिऱ्हाईक दुपारचं घरी नसतंय. उद्या परत यावं लागंल."