हेल्मेटमधल्या पाच शेंगा

"अठ्ठावन्न जिंकले, एक्केचाळीस हरले," ऑर्व्हल टीग म्हणाला आणि शेगडीच्या जाळीवरच्या बरगड्या त्याने उलटवल्या. "हा काय हाकलण्यासारखा माणूस आहे?"

"शेजारच्या कॉलेजशी नऊपैकी सात वेळा हरला, ते नाही सांगत," मर्ल स्टोव्हल म्हणाला.

"सहा वेळा," मिस व्हर्ना म्हणाली. "आणि त्यातल्या दोनदा एकेका गुणाने."

स्टेडियमच्या मागचा पार्किंगचा हा कोपरा गेली एकतीस वर्षं ऑर्व्हलचा. नळकामातून निवृत्त झाला, पण शनिवारच्या सामन्याआधीचा हा शेगडीचा धूर काही सुटला नाही. मर्ल टायर विकायचा आणि प्रत्येक प्रशिक्षकाला शिव्या द्यायचा. पोस्टातली डार्लीन आणि तिचा नवरा खुर्च्या आणायचे. मिस व्हर्ना यायला लागली त्याला जेमतेम चार शनिवार झाले होते; आडनाव तिला कुणी विचारलं नव्हतं. मसाला भरलेली अंडी आणायची. डब्याच्या झाकणावर निळ्या रंगात, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'खा, लाजू नका.'

फुटबॉल संघाचा प्रशिक्षक रस्क टॉलिव्हरला कॉलेजने काढलं त्याला अकरा दिवस झाले होते. बारा दिवसांपूर्वी हेच सगळे त्याच्या नावाने शिमगा करत होते. आता त्याची आठवण काढून उसासे टाकत होते. लोकांना काय, तोंड आपलंच असतं आणि नोकरी दुसऱ्याची जाते.

पण आज नुसते उसासे नव्हते. कॉलेजच्या मंडळाचा अध्यक्ष ब्रिग्ज वीस वर्षं याच कोपऱ्यात जेवत आलेला. त्याने सकाळी ऑर्व्हलला फोन करून सांगितलं होतं, "नवा माणूस अजून पक्का नाही. तुमचा कोपरा एकमताने टॉलिव्हर हवा म्हणत असेल, तर सोमवारी मी त्याला परत आणतो. फाटाफूट असेल तर विसरा."

ऑर्व्हलला टॉलिव्हर परत हवा होता.

"त्या सामन्यात क्वार्टरबॅकला, संघ खेळवणाऱ्या पोरालाच, बाहेर बसवलं, ते?" मर्ल म्हणाला. "आपला एकुलता एक धड खेळाडू. तीन गुणांनी गेला सामना."

"त्याच्या डोक्याला मार लागला होता," मिस व्हर्ना म्हणाली. "पोराला डॉक्टरांच्या तंबूत आईचं नाव सांगता येत नव्हतं. आज येतं. हे तुमच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, मिस्टर स्टोव्हल?"

मर्लने बरगडी चावली.

"आणि टॉलिव्हर तिसऱ्या सत्रात छाती धरून गुडघ्यावर बसला, ते नाटक होतं," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"नाटक तुझ्या बापाने केलं असेल," ऑर्व्हल म्हणाला. "दोन मिनिटांत उठून पुन्हा ओरडत होता. मेला असता, पण मैदान सोडलं नसतं त्याने."

"नसतं सोडलं," मिस व्हर्ना म्हणाली. तिच्या हातातलं अंडं तिने परत डब्यात ठेवलं.

"तुझं काय सांगावं, मर्ल," डार्लीन म्हणाली. "त्याच्या अंगणात पाटी तूच रोवलीस ना?"

संघ हरला की प्रशिक्षकाच्या अंगणात 'घर विकणे आहे'ची पाटी रोवायची, ही गावाची जुनी खोड.

"रोवायला नेली होती," मर्ल म्हणाला. "तर तिथे आधीच एक उभी. निळ्या रंगात लिहिलेली. अक्षर असं की दुकानावर लावावं. मी माझी परत आणली. लाज वाटली."

सगळे हसले. मिस व्हर्नाही हसली.

मग ऑर्व्हलने जुनं हेल्मेट काढलं. मोठा प्रश्न आला की या कोपऱ्यात भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांनी मत द्यायचं. भरलेली शेंग म्हणजे हो, रिकामं टरफल म्हणजे नाही. हेल्मेट टॉवेलाखाली, हात आत, कुणी कुणाचं बघायचं नाही. एक टरफल निघालं तरी विषय संपला.

पाच हात आत गेले. ऑर्व्हलने टॉवेल ओढला आणि एकेक दाबून पाहिली. भरलेली. भरलेली. भरलेली. भरलेली.

पाचवी त्याच्या बोटांत चपटी झाली.

सगळ्यांनी मर्लकडे पाहिलं.

"आईशपथ, मी भरलेली टाकली," मर्ल म्हणाला. "या बाईने पटवलं मला. खरंच."

"गप बस," ऑर्व्हल म्हणाला आणि ब्रिग्जला फोन लावला. दोन वाक्यांत सगळं आटपलं. मग तो खुर्चीत बसला, जाळीकडे बघत. मिस व्हर्नाने शेवटचं अंडं त्याच्या हातात दिलं. "तुम्ही मनापासून केलंत," ती म्हणाली, आणि ते तिला अगदी आतून वाटत होतं. बँड वाजत गेला. ऊन छान पडलं होतं. मर्लशी मात्र त्या दिवशी कुणी बोललं नाही.

सामना सुरू व्हायच्या आधीच मिस व्हर्ना निघाली. वीस मैलांवर, तळ्याच्या लाकडी धक्क्यावर, रस्क टॉलिव्हर पाय पाण्यात सोडून गळ टाकून बसला होता. फोन त्याच्या मांडीशी होता.

"ब्रिग्जचा आला होता," तो म्हणाला. "नाही म्हणाले. एक मत कमी पडलं."

"बोलावलं असतं तर गेला असतास?"

"आज रात्रीच."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. "तुझी सगळी बाजू मांडली मी. एकही आकडा सोडला नाही."

"मर्ल स्टोव्हल असणार," तो हसला. त्याचा रंग कितीतरी महिन्यांनी बरा दिसत होता. "पाटीही त्याचीच असेल."

"असेल," व्हर्ना टॉलिव्हर म्हणाली. निळ्या अक्षरांचा डबा तिने बाजूला ठेवला, खिशातून उकडलेले दोन शेंगदाणे काढले, एक त्याच्या तळहातावर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.