हात लावायचा नाही

ऋतिका पडली तेव्हा शेवटची रेषा अगदी समोर होती. चौक गावच्या मैदानात चुन्याने आखलेली रेषा, तिच्यावर कमान, आणि डाव्या अंगाला दोरी धरून उभी असलेली तिची आई, इंदूबाई. पोरगी आधी गुडघ्यांवर आली, मग हातांवर. इंदूबाई जागची हलली नाही.

हलायची सोयच नव्हती. गेल्या वर्षी याच शर्यतीत, धरणात पोहून आणि जुन्या हायवेवर सायकल हाणून झाल्यावर, पळता पळता ऋतिका जराशी लंगडली होती. इंदूबाईने धावत जाऊन तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, पदराने तोंड पुसलं, वर हाताला धरून थोडं चालवलंही. झालं. बाहेरच्या माणसाची मदत घेतली म्हणून पंचांनी ऋतिकाला बाद केलं. आई हे बाहेरचं माणूस कसं, ते इंदूबाईला अजून उमगलेलं नव्हतं. पोरगी मात्र कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही. यंदा घरातून निघतानाच तिने आईचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि काही झालं तरी मला हात लावणार नाहीस, अशी शपथ घ्यायला लावली.

गळ्याची शपथ म्हणजे गळ्याची शपथ. ती मोडली तर भोगावं लागतं ते जिच्या गळ्याची घेतली तिला. आणि घालणारीने स्वतःच्या तोंडाने ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. हे इंदूबाईला तिच्या आईने शिकवलं होतं, आणि ऋतिकाला इंदूबाईने.

माइक नानांच्या हातात होता. नाना खोपोलीचे निवृत्त क्रीडाशिक्षक, ही शर्यत इकडे आणली ती त्यांनीच. या खेळाचा इतिहास सांगायची त्यांना भारी हौस. पोहणारा दमाचा, सायकलवाला दमाचा की पळणारा, असा वाद हवाई बेटावर कसा पेटला आणि काही मंडळींनी तिन्ही एका दमात करून दाखवायचं कसं ठरवलं, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की शिळफाट्यावरच्या भाजीवाल्यांनाही ते पाठ झालं होतं. त्यांची लाडकी गोष्ट मात्र त्यापुढची. ब्याऐंशी साली तिथेच कॉलेजातली एक मुलगी रेषेच्या तोंडाशी कोसळली. उठली, पुन्हा पडली, शेवटी रांगत रांगत रेषेपार गेली, पण कुणाचा हात घेतला नाही. टीव्हीवर ते पाहून जगभरची माणसं या खेळाकडे वळली.

ती गोष्ट आता चौकच्या मैदानात, नानांच्या डोळ्यांदेखत घडत होती.

“कुणीही हात लावू नका,” ते माइकवरून म्हणाले. “इतिहास घडतोय.”

लोकांनी टाळ्या धरल्या. मोबाइल वर झाले. कमानीखाली बसलेले डॉक्टर पेटी घेऊन उठले होते, त्यांनाही नानांनी हातानेच थांबवलं. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं आणि ऋतिकाच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. तरी ती रांगत होती. इंदूबाईने पदराचा बोळा तोंडात धरला.

मग ऋतिका वाकडी जायला लागली. रेषा सोडून डावीकडे. सरळ जा, सरळ जा, असा गलका झाला. पोरीला भान राहिलेलं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. इंदूबाईलाही वाटलं. बघता बघता ती दोरीपाशी, आईच्या पायांशी आली आणि तिने हात पुढे केला. बोटं साडीच्या काठाला लागणार, एवढ्यात इंदूबाई झटकन मागे सरली.

“सरळ जा, बाय,” ती म्हणाली. “रेषा तिकडं हाय.”

आईनेही मन दगडाचं केलं, असं नाना माइकवरून म्हणाले आणि टाळ्या आणखी वाढल्या. ऋतिकाने मान वर करून आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण त्या कल्लोळात काही ऐकू आलं नाही. मग मान खाली गेली आणि तोंड मातीत टेकलं.

टाळ्या जरा वेळ तशाच वाजत राहिल्या. मग विरळ झाल्या, मग थांबल्या. नानांनी माइक खाली ठेवला. डॉक्टर धावले, चारजणांनी तिला उचलून तंबूत नेलं. इंदूबाई मागून चालत गेली. शपथ तर तिने पाळली होती, मग पोरगी पडली कशी, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तंबूत बर्फ लावला, सलाईन चढवलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर पोरगी हाताला लागली नसती, असं डॉक्टर कुणाकडे न बघता म्हणाले. नाना खुर्चीत खाली मान घालून बसले होते. डॉक्टरांनी इंदूबाईला पोरीच्या मानेशी बर्फाची पिशवी धरायला सांगितली. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि मानेनेच नाही म्हटलं.

बऱ्याच वेळाने ऋतिकाने डोळे उघडले. आई खाटेपासून लांब उभी होती.

“एवढी समोर रेषा,” इंदूबाई तिथूनच म्हणाली, “अन् वाकडी कुठं चाललीस गं?”

“रेषा दिसत व्हती मला, आये,” ऋतिका म्हणाली. “‘सुटली’ म्हणायला तुज्याकडंच येत व्हते.”