लांब शेपटीची खूण

बायकोला हॉलसाठी इटलीतल्या घरांसारखे उबदार रंग हवे होते. मला पांढराही चालला असता. पेंटरने भिंतीवर विटकरी, मातकट गुलाबी आणि मधासारखा पिवळा असे तीन पट्टे मारले.

"वहिनी, आवडेल त्याखाली पेन्सिलने खूण करा."

त्याच आठवड्यात ती वारली. खूण राहूनच गेली.

महिन्याने विटकरी पट्ट्याखाली बरोबरची खूण दिसली. तिच्या सवयीची, लांब शेपटीची.

"मी नाही केली हो," पेंटर म्हणाला. मी तोच रंग लावून घेतला.

मग पडद्यांच्या एका नमुन्यावर तशीच खूण आली. ते पडदेही लावले. घर अगदी तिच्या मनासारखं झालं.

आज अंघोळीला शर्ट काढला, तर छातीवर पेन्सिलची तीच खूण.

साबण उचलला, आणि परत ठेवून दिला.