साहेबासाठी घर

मुलीने स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि ते परत लावून वरून दाबलं.

"सैल आहे," ती म्हणाली. "साहेब एका फटक्यात उघडेल. कांद्याची सालं खाल्ली की त्याचं पोट बिघडतं."

"नवा आणू," चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. "आजच आणतो."

साहेब म्हणजे दाराशी पायपुसण्यावर बसलेला तपकिरी कुत्रा. कचऱ्याचा डबा सोडला, तर ताटली अगदी पुढ्यात आणून ठेवल्याशिवाय तो तोंड लावत नसे, म्हणून हे नाव. त्याचा पट्टा ताईंच्या हातात होता. ताई बालगृहाच्या शाळेत मुलांना प्राणी कसे सांभाळायचे ते शिकवत. पाणी कधी बदलायचं, शेपूट का ओढायची नाही, दिवसभर बांधून का ठेवायचं नाही. नुसतं फळ्यावर लिहून देऊन त्या थांबत नसत. प्राण्यांच्या निवाऱ्यातला कुत्रा कुणाकडे जायचा असला की वर्गातलं एक मूल आधी ते घर बघायला जाई. प्रश्न मुलाने विचारायचे, ताईंनी मध्ये तोंड घालायचं नाही. मूल नाही म्हणालं, तर नाही.

चष्म्यांच्या दुकानावरच्या या दोन खोल्या नवरा-बायकोने घासूनपुसून लख्ख केल्या होत्या. बायकोचं सकाळपासून कशातच लक्ष नव्हतं. चहा दोनदा उतू गेला होता. मागे एकदा सगळं असंच जुळत आलं होतं आणि ऐन वेळी फिसकटलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस ती कुणाशी धड बोललीही नव्हती. त्यामुळे आज या एवढ्याशा इन्स्पेक्टरीणबाईंपुढे चष्मेवाल्याने हात जोडायचेच काय ते बाकी होते. तिने हो म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

मुलगी गॅलरीत गेली. तिने कठडा हलवून पाहिला, गजांमध्ये स्वतःचं डोकं घालून पाहिलं.

"जातंय डोकं."

"जाळी लावतो."

"दुपारी दार कोण उघडेल?"

"मी," बायको म्हणाली. "मी असतेच घरी. रोज."

"आणि चिडलात की काय करता?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या तयारीत नव्हता.

"हे तोंडाला कुलूप लावून बसतात," बायको म्हणाली.

"आणि ही भांडी घासत सुटते," तो म्हणाला. "घासलेलीसुद्धा."

मुलीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. पण पाहणीच्या वेळी हसायचं नसतं असा तिचा नियम असावा.

तेवढ्यात साहेब उठला आणि वास घेत घेत खुर्चीजवळ आला. चष्मेवाल्याने नकळत दोन्ही पाय वर घेतले. मुलीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

"काका, तुम्ही त्याला घाबरता."

बायकोचा चेहरा पडला. संपलं, चष्मेवाल्याला वाटलं. गुडघा दुखतो म्हणून सांगावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण समोरचे डोळे थाप खपवून घेणारे नव्हते.

"हो," तो म्हणाला. "लहानपणी एक चावला होता."

"मग कशाला घेताय?"

त्याने ताईंकडे पाहिलं. ताई एकदम छताकडे बघू लागल्या.

"घरात फार शांत असतं गं," तो म्हणाला. "भीतीचं काय, जाईल हळूहळू. मी रोज थोडा थोडा जवळ जाईन त्याच्या."

मुलगी साहेबाशेजारी खाली बसली. मग साहेबाच्या दुमडलेल्या कानामागे खाजवत, त्याच्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "छोटी पिल्लं सगळ्यांना हवी असतात. हा मोठा आहे. मोठ्यांना खोडी असतात. रात्री मध्येच ओरडतो. वस्तू लपवून ठेवतो, सांगत नाही. मग लोकांना कंटाळा येतो आणि आणून सोडतात परत."

तिने मान वर केली. "तुम्ही सोडाल?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र चष्मेवाल्याने आरशासमोर उभं राहून चांगलं घोटून ठेवलं होतं. त्यातला एक शब्दही आता आठवेना.

"चिडू आम्ही," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? मी तोंड फुगवून बसेन, ही भांडी घासेल. पण परत नाही सोडणार. एकदा आला की तो इथलाच."

"त्याने दुकानातले सगळे चष्मे फोडले तरी," बायको म्हणाली.

"सगळे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"सगळे!"

मुलीने ताईंच्या हातातला पट्टा घेऊन सोडून दिला. साहेबाने खोलीभर एक फेरी मारली, पलंगाखाली नाक खुपसलं, शिंकला, आणि येऊन चष्मेवाल्याच्या नुकत्याच खाली टेकलेल्या पावलावर हनुवटी ठेवून पसरला. चष्मेवाल्याला घाम फुटला. पण पाऊल त्याने तसूभरही हलवलं नाही.

मुलगी त्या पावलाकडे बराच वेळ बघत होती.

"साहेब राहील इथे," ती म्हणाली.

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. बायको हसतही होती आणि डोळेही पुसत होती. ताई तर लगबगीने उठल्याच.

"छान झालं. चल गं, आपण निघू आता. बाकीचं बोलू सावकाश, आणखी दोन-चार वेळा येऊन."

मुलगी जागची हलली नाही. तिने फ्रॉकला लागलेले साहेबाचे केस एकेक करून झटकले. मग बायकोकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "मीपण राहीन. पण आई म्हणायला मला थोडा वेळ लागेल. चालेल?"