नेझीर आजोबांची परीक्षा

नेझीर आजोबा डोळे अर्धे मिटून, मंद डुलत कुराण वाचत होते. कुठे अडखळणं नाही, कुठे श्वास तुटणं नाही. येसेनित्से गावातल्या इस्लामी सांस्कृतिक केंद्रातला रविवारचा वर्ग. सहा मुलं सतरंजीवर मांडी घालून ऐकत होती आणि सातवे विद्यार्थी अडुसष्ट वर्षांचे नेझीर आजोबा.

"आजोबा," शेजारी बसलेली सात वर्षांची नेयरा म्हणाली, "तुमचं पान उलटायचं राहिलं."

आवाज थांबला. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही आणि मग सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

आजोबांनी खाली पाहिलं. बोट पानाच्या पहिल्याच ओळीवर होतं आणि तोंड दोन पानं पुढं निघून गेलं होतं. ही सूरा, हा अध्याय, त्यांची आई दर गुरुवारी संध्याकाळी, गेलेल्या माणसांसाठी म्हणायची. ऐकून ऐकून लहानपणीच पाठ झालेली. केंद्रात रमजानमध्ये रोज दुपारी सगळे मिळून अख्खा ग्रंथ वाचायला बसत, तेव्हा नेझीरही समोर ग्रंथ उघडून बसत. शेजारच्या फादिलनं पान उलटलं की हेही उलटत. आज शेजारी फादिल नव्हता.

अल्दिनाबाई हसल्या नाहीत. त्या चोवीस वर्षांच्या होत्या, पण त्यांनी नुसतं वर पाहिलं तरी वर्ग गप्प व्हायचा.

"पाठ आहे हे चांगलंच आहे, आजोबा," त्या म्हणाल्या. "पण आज परीक्षा वाचनाची आहे."

"मग वाचतोच आहे की."

"तुम्ही आईचं ऐकताय. वाचत नाही."

नेझीर आजोबांनी चष्मा काढून पुसला. परवापासून रमजान. आज पास झाले, तर अरबी अक्षरओळखीचं पुस्तक बाजूला ठेवून मोठा ग्रंथ हाती घ्यायचा, आणि या वर्षी तरी आपलं पान आपल्या डोळ्यांनी उलटायचं. नाहीतर आणखी एक रमजान फादिलच्या हाताकडं चोरून बघत काढायचा. शिवाय खिडकीत फडक्याखाली हलव्याचं ताट होतं. पास होणाऱ्यानं वर्गाला हलवा द्यायचा, अशी रीत. बायकोनं पहाटे उठून पीठ भाजलं होतं आणि निघताना बजावलं होतं, "ताट परत आणलंत तर मी एकटी खाईन. तुम्हाला चमचाभरसुद्धा मिळणार नाही."

बाईंनी ग्रंथ आपल्याकडं ओढला, बरीच पानं मागं नेली आणि पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला. "इथून."

आजोबांनी पहिला शब्द पाहिला. नेहमी धावून येणारं तोंड या वेळी गप्प राहिलं. आई या पानावर कधी आलीच नव्हती.

त्यांनी बोट टेकवलं. चाळीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात काढलेलं ते बोट. एकदम तीन अक्षरं झाकून टाकत होतं.

"बोटानं नाही दिसायचं," नेयरा हळूच म्हणाली आणि आपली पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "उलटी धरा. मी पण तशीच धरते."

पेन्सिलीचं बोथट टोक पहिल्या अक्षराखाली आलं. मग दुसऱ्या. आजोबांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. एक शब्द झाला. मग दुसरा. एका जागी बाईंनी टेबलावर टिचकी मारली. कुठं चुकलं ते त्यांनी सांगितलं नाही. आजोबा आपणच शब्दाच्या सुरुवातीला परत गेले, पुन्हा एक एक अक्षर लावत आले, आणि या वेळी टिचकी वाजली नाही.

"हलवा गार होतोय," मागून आदेम पुटपुटला.

"तुझ्यापेक्षा मला जास्त घाई आहे," आजोबा पानावरची नजर न काढता म्हणाले. "गप्प बस."

पहिली ओळ संपली. आता कुणी चुळबुळ करत नव्हतं. मुलं गुडघ्यांवर उठून पुढं झुकली होती. त्यांनाही ही वाट माहीत होती. सगळी याच दगडांना ठेचकाळत आली होती.

"न..." आजोबा म्हणाले. "नम... नम्ला."

"मुंगी," नेयराच्या तोंडून निसटलं.

बाईंनी डोळे वटारले. "सांगायचं नाही असं ठरलंय ना?"

"मी अक्षर नाही सांगितलं, बाई. अर्थ सांगितला."

नेझीर आजोबांनी चष्मा वर केला. "मुंगी? इथं? मुंगीचं इथं काय काम?"

"ती बोलते," नेयरा म्हणाली. "सुलेमान राजाची फौज येते ना, तेव्हा."

आजोबांनी पुन्हा पानाकडं पाहिलं. त्या एवढ्याशा शब्दाकडं ते बराच वेळ बघत राहिले. इतकी वर्षं हे पान त्यांच्यासमोरून गेलं होतं. दर रमजानला, फादिलच्या हाताबरोबर.

अल्दिनाबाईंनी हजेरीची वही उघडली आणि त्यांच्या नावापुढं खूण केली. "पुरे, आजोबा. पास झालात. आजपासून मोठा ग्रंथ तुमचा."

मुलांनी सतरंजीवर धपाधपा हात आपटले. आदेम तर खिडकीशी पोचलासुद्धा. फडक्याचं एक टोक त्यानं उचललं होतं.

नेझीर आजोबांनी मात्र पानावरची पेन्सिल उचलली नाही.

"जरा थांबा, बाई," ते म्हणाले. "मुंगीनं आत्ता कुठं तोंड उघडलंय. तिला बोलू तर द्या."