काठीचा आवाज

कोकराचं दूध तोडायचं झालं की मेंढीला नजरेआड बांधतात. प्रांजल आठवीत गेली तेव्हा मास्तर म्हणाले, "आजी, पोरीला कॉलेजला धाडायचं तर आत्तापासनं एकटीला वावरू द्या." रंगुबाईनं तेच केलं. फॉर्म भरायचा, बँकेत जायचं, सांगलीची एसटी धरायची, तर नात पुढं आणि आजी लांब मागं. नात अडली की आजी काठी आपटून "मी हाय" एवढं कळवायची. पोर लगेच वळायची. "माझ्या तोंडावर उत्तर लिवलंय व्हय गं? म्होरं बघ." पोर दहावीत गेल्यावर रंगुबाईनं काठीही गप्प केली. आज वसतिगृहाच्या फाटकात प्रांजल पाया पडली, ट्रंक उचलून निघाली. रंगुबाईनं काठी आपटली. मग पुन्हा, जोरात. पोर वळली नाही. खोली कुठं ते विचारत आत गेली. "शिकली," रंगुबाई पुटपुटली. तिसऱ्यांदा उचललेली काठी तिनं अलगद खाली टेकवली.