सिग्नल लाल आहे

“आजोबा, उचला ना ती गोगलगाय, नाहीतर मी उचलतो!” मी जरा जोरातच ओरडलो.

“हात लावायचा नाही. तिच्यासाठी सिग्नल लाल केलाय मी,” शिंपीआजोबा म्हणाले.

आज वसाहतीत बागांची स्पर्धा होती, सगळ्या बागा बघायच्या होत्या. प्रत्येक बागेला दहा मिनिटं, आणि आवडेल तिचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा. आजोबांनी तीन वर्षं खपून कुंड्यांमधून छोट्या आगगाडीचे रूळ नेलेत. डब्यांना बटणांची चाकं, दोऱ्याच्या रिळांचे खांब, नेच्याखाली बोटाएवढं स्टेशन. पहिला नंबर त्यांना पाहिजेच होता, कडक इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. आणि गाडी सुटणार तेवढ्यात या गोगलगायबाई रुळावर!

“अहो, मतं जातील तुमची!”

“जाऊ देत. मी रूळ टाकायच्या आधीपासून ती इथूनच जाते.”

लोकांनी घड्याळं बघितली. “बंद पडलीय वाटतं,” म्हणत सगळे शेजारच्या गुलाबांकडे गेले. मी पोटावर आडवा होऊन बघत होतो.

“शाळेत एवढा वेळ एका जागी बसला असतास तर!” फाटकातून आत्या म्हणाली.

गोगलगाय अजून पहिल्याच रुळावर आहे. गाडी काही मी हललेली बघितली नाही. तरी आत्याच्या हातातली चिठ्ठी हिसकावून आजोबांचाच नंबर लिहिलाय. आता आत्या माझ्यामागे धावत येतेय, मला निघायला पाहिजे.